कादंबरीतलं देवमंडळ खेळाच्या टेबलावर कसं आणायचं: तयारी, टप्पे आणि नेहमीच्या चुका

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) सारख्या, टेबलाभोवती बसून पात्रं रंगवायच्या रोलप्लेइंग खेळात आवडत्या फँटसी कादंबरीतले देव आपल्या कॅम्पेनमध्ये (अनेक बैठकांत चालणाऱ्या कथेत) आणायचे ठरले की बहुतेक गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे, कोरी फाइल उघडतात आणि देवांची यादी लिहायला घेतात. नाव, चिन्ह, रंग, वाहन, बायको, भाऊबंदकी. एकोणीस देव, बावीस पानं. खेळाडू त्यातलं पहिलं पान वाचतात. दुसऱ्या-तिसऱ्या सेशनला (बैठकीला) क्लेरिक, म्हणजे देवाच्या नावाने जादू करणारं पुजाऱ्याचं पात्र, खेळणारी विचारते, "या कैद्याला सोडलं तर माझ्या देवीला चालेल का?" आणि बावीस पानांत याचं उत्तर कुठेच नसतं.

मेहनत कमी पडलेली नसते, क्रम उलटा झालेला असतो. कादंबरीतला देव लेखकाच्या सोयीने वागतो: कथेला हवं तेव्हा बोलतो, नको तेव्हा गप्प. टेबलावरच्या देवाला खेळाडू थेट प्रश्न विचारतात, त्याच्याकडून रोज स्पेल (मंत्र) घेतात, त्याच्या नावाने शपथा घेतात आणि मोडतातही. म्हणून इथे दिलेल्या क्रमात देवाचं चरित्र सगळ्यात शेवटी येतं, आणि पुष्कळदा त्याची गरजच पडत नाही.

उदाहरणासाठी एक काल्पनिक देवमंडळ धरून चालू. त्यात नेमरा ही ऋणांची आणि दिलेल्या शब्दाची देवी, ओस्तन हा वेढ्यांचा देव, इल्वे ही बुडालेल्यांची रखवालदार, शिवाय इतर दहा-बारा. कादंबरीत नेमरा कधीच बोलत नाही. एका राजाच्या स्वप्नात एकदा येते, आणि तिसऱ्या भागात तिचं मुख्य मंदिर जळतं. एवढ्या सामग्रीवर काम करायचं आहे.

## सुरुवात करण्याआधी

चार गोष्टी हाताशी हव्यात.

खेळाची नेमकी आवृत्ती. "डी अँड डी खेळतो" एवढं पुरत नाही. २०१४ च्या नियमांत क्लेरिक पहिल्याच लेव्हलला (प्रगतीच्या पायरीला) डोमेन, म्हणजे देवाचं क्षेत्र आणि त्यासोबतच्या शक्ती, निवडतो; २०२४ च्या नियमांत ही निवड (सबक्लास) तिसऱ्या लेव्हलला येते. म्हणजे एका आवृत्तीत देवाचे नियम पहिल्या सेशनआधी तयार लागतात, दुसऱ्या आवृत्तीत तुम्हाला थोडी उसंत मिळते.

कथेतला क्षण. मंदिर जळण्याआधीचं जग की नंतरचं? एखादा देव मालिकेत मरत असेल, तर तुमचा खेळ त्याच्या मृत्यूच्या कोणत्या बाजूला आहे? हे एका वाक्यात लिहून ठेवा. न लिहिल्यास दोन्ही काळांतले पुजारी एकाच गावात भेटतात आणि ज्याने पुस्तक वाचलंय तो खेळाडू लगेच बोट ठेवतो.

टेबलावर कोणी काय वाचलंय. एकानेही वाचलेलं नसेल तर तुम्ही मोकळे आहात. एकानेच वाचलं असेल तर सहाव्या टप्प्याकडे जास्त लक्ष द्या.

आणि वाचनाची टिपणं. पुस्तक पुन्हा चाळताना देवांची वर्णनं टिपू नका. जिथे देवाने किंवा त्याच्या भक्ताने काहीतरी केलं, तेवढ्याच जागा टिपा. तीन रकाने पुरतात: काय घडलं, ते देवाने केलं असं कोणाला वाटलं, आणि त्याची किंमत कोणी मोजली. नेमराच्या स्वप्नाची नोंद अशी होईल: राजाने कर्ज फेडलं, देवीने सांगितलं असं फक्त राजालाच वाटलं, किंमत मोजली सैन्याने, कारण पगाराला पैसे उरले नाहीत. या एका ओळीत खेळायला जेवढं आहे तेवढं तिच्या मुकुटाच्या परिच्छेदभर वर्णनात सापडणार नाही.

तपासणी: एखाद्या देवासमोर पहिला रकाना रिकामाच राहिला, तर तो देव कादंबरीत फक्त शोभेला आहे. त्याच्यावर वेळ घालवू नका.

## टप्पा १: देव उत्तर देतात का, हे आधी ठरवा

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो, आणि पुढची बरीचशी भांडणं इथूनच निघतात.

कादंबरीत देव खरंच आहेत का, याविषयीची संदिग्धता हा गुण असतो. पण ज्या खेळात क्लेरिक जखमेवर हात ठेवून जखम बुजवतो, तिथे हा प्रश्न पहिल्या दिवशीच निकालात निघतो. तीन मार्ग आहेत.

पहिला: देव आहेत आणि शक्ती देतात. सरळ आणि नियमांना सोयीचा. कादंबरीतली धूसरता मात्र जाते.

दुसरा: शक्ती खरी आहे, पण ती कुठून येते यावर एकमत नाही. विधीतून, निष्ठेतून, की देवाकडून? प्रत्येक पंथ आपलं खरं म्हणतो. डी अँड डीच्या २०१४ च्या डंजन मास्टर मार्गदर्शकातही देवाऐवजी एखाद्या शक्तीला किंवा तत्त्वज्ञानाला वाहिलेल्या क्लेरिकची सोय आहे, त्यामुळे नियम मोडावे लागत नाहीत. गप्प देवांच्या कादंबऱ्यांसाठी मी हाच मार्ग सुचवीन.

तिसरा: दैवी जादू वापरणारे क्लास (पात्रांचे प्रकार) खेळातून काढायचे. हे प्रामाणिक आहे, पण मग उपचार कसे होणार याची पर्यायी सोय आधी करा. नाहीतर दुसऱ्याच लढाईत सगळे आडवे.

मार्ग ठरला की तो तीन ठिकाणी घासून पाहा. (स्पेलची लेव्हल आणि पात्राची लेव्हल वेगवेगळी मोजतात.) ऑग्युरी हा दुसऱ्या लेव्हलचा स्पेल पुढच्या ३० मिनिटांतल्या कृतीविषयी शुभ, अशुभ, दोन्ही किंवा काहीच नाही असा संकेत देतो. कम्यून हा पाचव्या लेव्हलचा स्पेल. त्यात देवाला हो-नाही स्वरूपाचे तीन प्रश्न विचारता येतात, आणि क्लेरिकला तो नवव्या लेव्हलला मिळतो. डिव्हाइन इंटरव्हेन्शन दहाव्या लेव्हलला येतं. २०१४ च्या नियमांत त्यासाठी शंभरीचे फासे टाकून आपल्या क्लेरिक लेव्हलइतकी किंवा त्याहून कमी संख्या आणावी लागते, म्हणजे दहाव्या लेव्हलला शक्यता १० टक्के. २०२४ मध्ये फासेच नाहीत: पाचव्या लेव्हलपर्यंतचा क्लेरिकचा कोणताही स्पेल खर्चाशिवाय वापरता येतो (अट एवढीच की तो रिअ‍ॅक्शनवर, म्हणजे दुसऱ्याच्या कृतीला तत्काळ प्रत्युत्तर म्हणून, चालणारा नसावा), आणि लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती) घेतल्यावर पुन्हा. म्हणजे नव्या नियमांत तुमची "गप्प" देवी दिवसातून एकदा हमखास धावून येते. हे तुमच्या जगात कसं दिसतं? नेमराच्या बाबतीत मी असं ठरवीन की देवी येत नाही. तिला देणं असलेलं काहीतरी येतं. विझलेला दिवा पेटतो, बंद दार उघडतं, आणि क्लेरिकच्या दोरीला एक नवी गाठ पडलेली असते.

कम्यूनचा धसका घेऊ नका. दैवी शक्ती सर्वज्ञ असतेच असं नाही, हे त्या स्पेलच्या मजकुरातच आहे. देवाला माहीत नसेल तिथे "अस्पष्ट" हे उत्तर चालतं. पण प्रत्येक देवाला काय माहीत असतं हे आधी ठरलेलं हवं. नेमराला प्रत्येक कर्ज आणि प्रत्येक वचन माहीत आहे. खून कोणी केला हे तिला माहीत नाही. मेलेल्याने कोणाला काय शब्द दिला होता, हे मात्र माहीत आहे. एवढ्यावर तपासाचा अख्खा सेशन चालतो.

सावधान: "वेळ आली की बघू" असं इथे म्हणू नका. वेळ येते ती ऐन लढाईत, आणि तिथे घाईत दिलेलं उत्तर पुढे कायमचा नियम होऊन बसतं.

## टप्पा २: कात्री लावा

पहिल्या कथेसाठी चार ते सहा देव. त्याहून जास्त नावं खेळाडूंच्या डोक्यात राहत नाहीत. राहिली तरी कोण कोणाचा शत्रू याची सरमिसळ होते.

कोण ठेवायचं? "महत्त्वाचा कोण" हा निकष इथे फसवा आहे. सृष्टी निर्माण करणारा आदिदेव कादंबरीत सगळ्यात मोठा असेल, पण गावातल्या भांडणात त्याला काहीच म्हणायचं नसतं. असे देव आधी कापा. जे देव खेळाडूंच्या पात्रांशी, कथा घडते त्या जागेशी किंवा खलनायकाशी जोडलेले आहेत, ते ठेवा. एकच देव या तिन्हींना स्पर्श करत असेल तर तो कादंबरीत कितीही दुय्यम असो, तुमच्या खेळात मुख्य आहे.

कापलेल्या देवांना फेकून द्यायचं नाही. त्यांच्या नावाने शिव्या करा, महिन्यांची नावं करा, एखादं पडकं देऊळ करा. खेळाडूने त्यात रस घेतला तर देव परत आत येतो.

तपासणी: उरलेल्या देवांच्या जोड्या लावा. प्रत्येक जोडीतल्या भक्तांचं कशावर तरी बिनसलं पाहिजे, आणि ते सरळ "चांगले विरुद्ध वाईट" असता कामा नये. नेमरा म्हणते शब्द पाळा. ओस्तनचे भक्त म्हणतात की वेढ्यात अडकलेलं शहर शब्द मोडल्याशिवाय वाचत नाही. दोघांचंही बरोबर आहे. एखाद्या जोडीत असं काहीच सापडत नसेल, तर दोघांपैकी एक देव जास्तीचा आहे.

## टप्पा ३: प्रत्येक देवाला अर्धं पान

अर्ध्या पानात सहा ओळी: लोक त्याला काय म्हणतात; त्याला भक्तांकडून काय हवं; काय खपत नाही; त्याची खूण कशी दिसते; या गावात त्याच्या वतीने कोण बोलतं; आणि न मानणारे काय म्हणतात. पाथफाइंडर या दुसऱ्या रोलप्लेइंग खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक देवाला आज्ञा आणि निषेध अशा दोन छोट्या याद्या जोडलेल्या असतात. तुम्ही दुसरा कोणताही खेळ खेळत असलात तरी ही पद्धत उचला. इतकी उपयोगी गोष्ट मला दुसऱ्या नियमपुस्तकात क्वचितच दिसली आहे.

नेमराचं अर्धं पान असं होईल:

लोक तिला "गाठवाली" म्हणतात. तिला हवं ते हे: शब्द साक्षीदारासमोर द्यावा, दोरीला गाठ मारावी, आणि देणं फिटलं की ती गाठ दोघांनी मिळून सोडावी. तिला खपत नाही ते हे: दुसऱ्याची गाठ कापणं, आणि अडलेल्या माणसाचं कर्ज विकत घेऊन त्यावर नफा कमावणं. खूण: शब्द मोडणाऱ्याची दोरी कोरड्या हवेतही ओली होते. या गावात तिच्या वतीने बोलते ती दोऱ्या सांभाळणारी म्हातारी, जिच्या कोठारात तीनशे दोऱ्या टांगलेल्या आहेत आणि जी सावकाराकडून गुपचूप धान्य घेते. न मानणारे म्हणतात: गाठवाली श्रीमंतांची देवी आहे, कारण देणं नेहमी गरिबाचंच असतं.

कादंबरीत यातल्या निम्म्या गोष्टी नाहीत. नसू देत. दोरी तिथे एकदाच, एका वाक्यात आली असेल. तिचं विधीत रूपांतर करणं हे तुमचं काम.

निषेध लिहिताना लोक दोन टोकांना जातात. एक टोक: "अमावस्येला पकडलेला मासा खाऊ नये." हा निषेध वर्षभरात एकदाही टेबलावर येणार नाही. दुसरं टोक: "कधीही खोटं बोलू नये." पार्टीत (खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीत) एक चोर आहे, एक हेर आहे, मग दर दहा मिनिटांनी खेळ थांबणार, आणि क्लेरिकच्या खेळाडूला उगाच सगळ्यांचा मास्तर व्हावं लागणार. मध्यम माप असं: दोन-तीन सेशनमध्ये एकदा निषेधाची गाठ पडावी, आणि तो पाळणं महाग पण शक्य असावं. "खोटं बोलू नये" याऐवजी "शपथेवर खोटं बोलू नये" करा. आता क्लेरिक पहारेकऱ्याला थाप मारू शकतो; पण पहारेकरी म्हणाला "दोरीवर हात ठेवून सांग", तर खेळात खरी अडचण उभी राहते. तीच हवी आहे.

निषेध नेहमी कृतीच्या भाषेत लिहा. "लोभ नसावा" हे तपासता येत नाही. "कर्ज विकत घेऊ नये" हे तपासता येतं.

तपासणी: पान मित्राला द्या आणि सुरुवातीचाच प्रश्न विचारा: कैद्याला सोडलं तर देवीला चालेल का? नेमराच्या पानावरून उत्तर निघतं: कैद्याने शब्द दिला आणि साक्षीदार असेल, तर चालेल. उत्तर निघत नसेल तर पान पुन्हा लिहा.

## टप्पा ४: आता नियम जोडा

बरेच जण इथूनच सुरुवात करतात आणि देवाच्या बिरुदावरून डोमेन लावून मोकळे होतात. मृत्यूचा देव म्हणून डेथ डोमेन, समुद्राची देवी म्हणून टेम्पेस्ट. पण २०१४ च्या डंजन मास्टर मार्गदर्शकात डेथ डोमेन खलनायकी पात्रांसाठीच्या पर्यायांत दिलेलं आहे. तुमची इल्वे बुडालेल्यांना शांतपणे पलीकडे पोचवणारी असेल, तर ते तिला अजिबात शोभणार नाही. २०१७ च्या पुरवणी पुस्तकातलं ग्रेव्ह डोमेन तिच्या स्वभावाला जवळचं आहे. डोमेन निवडताना एकच प्रश्न विचारा: या देवाचे भक्त दिवसभर करतात काय?

२०१४ च्या मूळ खेळाडू पुस्तकात सात डोमेन आहेत, २०२४ च्या पुस्तकात चारच: लाइफ, लाइट, ट्रिकरी, वॉर. चारमध्ये सहा देव बसवायचे म्हणजे दोन देवांना एकच डोमेन येणार. येऊ द्या. एकाच नियमाचं रूप दोन ठिकाणी वेगळं दिसतं. लाइफ डोमेनचा उपचार नेमराच्या हातून झाला तर जखमेवर दोरी आवळली जाते. इल्वेच्या हातून झाला तर जखमी माणूस खोकून पाणी बाहेर काढतो. आकडे तेच राहतात.

अगदी नवं डोमेन बनवायचंच असेल तर आहे त्यात बदल करा. २०१४ च्या डोमेनमध्ये क्लेरिक लेव्हल १, ३, ५, ७ आणि ९ ला प्रत्येकी दोन असे एकूण दहा स्पेल मिळतात. त्यातले दोन-तीन त्याच लेव्हलच्या दुसऱ्या स्पेलशी बदला, बाकीच्यांना हात लावू नका. खास क्षमता स्वतः रचायच्या भानगडीत पहिल्या खेपेला पडू नका.

इतर खेळांत कामाची जागा वेगळी असते. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत देवाकडे डोमेनशिवाय डिव्हाइन फाँट, देवाचं कौशल्य, आवडतं शस्त्र आणि जास्तीचे स्पेल असतात, आणि हे सगळं भरावं लागतं. २०२३ च्या सुधारित पुस्तकांपासून अलाइनमेंट (पात्र चांगलं की वाईट हे सांगणारी चौकट) गेलं आणि त्याजागी पवित्र-अपवित्र असं सँक्टिफिकेशन आलं. जुनी चौकट बघून देव लिहीत असाल तर हे तपासा. फाँट काळजीपूर्वक निवडा, कारण बरं करायचं की इजा करायची हे त्यावर ठरतं आणि खेळाडू ते प्रत्येक लढाईत वापरतो. डंजन वर्ल्डमध्ये काम थोडक्यात उरकतं: एक अधिकारक्षेत्र, एक शिकवण, बस्स. देव गप्प असले पण त्यांचे पंथ राजकारण करत असले, तर थर्टीन्थ एज या खेळातली संबंधांच्या फाशांची कल्पना उसनी घ्या: सेशनच्या सुरुवातीला प्रत्येक संबंधासाठी सहा बाजूंचे फासे टाकायचे, ६ आला तर त्या पंथाकडून मदत, ५ आला तर मदत पण सोबत झेंगट.

पॅलाडिनला (शपथेने बांधलेल्या योद्ध्याला) जबरदस्तीने देव चिकटवू नका. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत, म्हणजे २०१४ आणि २०२४ च्याही नियमांत, त्याचं सामर्थ्य शपथेशी बांधलेलं आहे. तो खेळाडू म्हणाला "मला देव नको", तर तो नियमाबाहेर गेलेला नाही.

सावधान: देवाला हिट पॉइंट (किती मार सोसता येतो याचे गुण) देऊ नका. ज्याला हिट पॉइंट आहेत त्याला मारता येतं, असा खेळाडूंचा साधा हिशोब असतो आणि तो बरोबर आहे. समोर कोणीतरी उभं करायचंच असेल तर देवाचा दूत करा, त्याचे आकडे लिहा, आणि तो मेला तरी देव शाबूत राहू द्या.

## टप्पा ५: देव जमिनीवर उतरवा

प्रत्येक देवाला एक जागा, एक माणूस आणि एक कटकट द्या. कटकट म्हणजे रोजच्या वाटेत आडवं येणारं काहीतरी. ओस्तनचे भक्त सूर्यास्तानंतर कोणासाठीही वेशीचं दार उघडत नाहीत. इल्वेचे भक्त वाहत्या पाण्यावरून जाण्याआधी थांबतात, आणि त्यामुळे पाठलागात पुलाजवळ फरक पडतो. देवाविषयी भाषण करण्यापेक्षा अशी एक अडचण जास्त काळ लक्षात राहते.

विधी एका मिनिटात उरकेल असा ठेवा, आणि शक्य असेल तर खेळाडूच्या हाताला काहीतरी द्या. नेमरासाठी टेबलावर खरोखरची सुतळी ठेवा. पात्राने शब्द दिला की खेळाडूने गाठ मारायची, शब्द पाळला की सोडायची. चार-पाच सेशननंतर त्या सुतळीकडे पाहून कोणाला काय देणं आहे हे वही न उघडता कळतं. क्लेरिक नसलेले खेळाडूही गाठी मारायला लागतात, मारू द्या.

पुजारी एकमुखी नकोत. म्हातारी एक म्हणेल, शेजारच्या गावचा पुजारी दुसरंच म्हणेल. देव गप्प आहेत हे वेगळं सांगायची मग गरज पडत नाही.

## टप्पा ६: पुस्तक वाचलेला खेळाडू आणि पुस्तकातली भविष्यवाणी

सेशन झीरोला, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या बोलणी करायच्या बैठकीला, एक वाक्य मोठ्याने म्हणा: "पुस्तकात जे आहे ते या टेबलावर ऐकीव समजा." म्हणजे वाचलेल्या खेळाडूला आपलं ज्ञान वापरता येतं, पण ते खरं असण्याची हमी मिळत नाही. याशिवाय त्याला एक काम द्या. त्याच्या पात्राला एखाद्या पंथाचा अभ्यासक करा आणि कादंबरीतल्या गोष्टी "ग्रंथात असं लिहिलंय" म्हणून सांगू द्या. सेशनमध्येच चुका काढणारा माणूस बहुतेक वेळा विचारलं न गेल्यामुळे चुका काढत असतो.

भविष्यवाणी आणि निवडलेला नायक यांना सरळ फाटा द्या. कादंबरीच्या नायकाला देवाने निवडलेलं असतं; तुमच्या टेबलावर चार-पाच जण बसलेत आणि त्यातल्या एकालाच निवडलं तर बाकीचे प्रेक्षक होतात. भविष्यवाणी फारच मध्यवर्ती असेल तर ती आधीच चुकली आहे असं ठेवा, आणि पंथ अजून ते लपवतोय.

याच सेशनला आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. कादंबरीत नरबळी, छळ किंवा लैंगिक हिंसा यांवर उभे असलेले पंथ असतील, तर काय दाखवायचं, काय पडद्याआड ठेवायचं आणि काय पूर्ण वगळायचं. आणि कादंबरीतले देव आज कोणी पूजत असलेल्या देवांवर बेतलेले असतील, तर टेबलावरच्या कोणाला ते खुपेल का. खुपत असेल तर वाद घालत बसू नका. नाव-रूप बदलायला दहा मिनिटं लागतात.

## टप्पा ७: एका प्रसंगात चाचणी

कॅम्पेन सुरू करण्याआधी एक छोटा प्रसंग खेळा. वेशीबाहेर एक बुडालेलं प्रेत सापडतं. त्याच्या मनगटाला गाठ असलेली दोरी आहे, आणि ती ओली आहे. ती पाण्याने की शब्द मोडल्याने? इल्वेचा पुजारी प्रेत आजच पाण्यात सोडा म्हणतो. म्हातारी म्हणते, गाठ सुटल्याशिवाय नाही. ओस्तनचा पहारेकरी म्हणतो, अंधार पडलाय, दार उघडणार नाही. तुम्ही काहीही समजावून सांगू नका.

खेळाडू पंधरा मिनिटांत कोणाची तरी बाजू घेऊन भांडायला लागले तर देवमंडळ चालतंय. "कोणता पर्याय बरोबर आहे?" असं तुम्हालाच विचारायला लागले, तर निषेध अजून धूसर आहेत, तिसऱ्या टप्प्यावर परत जा. एकही देव कोणाच्या तोंडी आला नाही, तर पाचवा टप्पा कच्चा आहे.

## खेळ सुरू झाल्यावर: देव हा दंडुका नव्हे

इतकं सगळं नीट करूनही अनेक टेबलं इथे फिसकटतात. क्लेरिकने नियम मोडला, गेम मास्टर रागावला, "तुझे स्पेल गेले." डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत क्लेरिक वर्गाच्या नियमांत अशी तरतूद नाही. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत आहे, पण तिथेही देवाला निषिद्ध कृत्यं पुरेशी घडल्यावर शक्ती जाते आणि प्रायश्चित्ताच्या विधीने परत मिळते.

क्रम असा ठेवा. कृती करण्याआधी खेळाडूला स्पष्ट सांगा: "तुझ्या पात्राला माहीत आहे की हे नेमराला खपत नाही. तरी करतोस?" पात्राला जे जन्मापासून ठाऊक आहे ते खेळाडूपासून लपवून त्याला कैचीत पकडणं हा डाव नाही. तरीही केलं तर पहिल्यांदा फक्त खूण: दोरी ओली. दुसऱ्यांदा एखादा माणूस दारात येतो आणि जाब विचारतो. तिसऱ्यांदा एखादा विशिष्ट स्पेल अडतो, तोही खेळाडूशी आधी बोलून, आणि सुटकेची वाट समोर ठेवून. ती वाट म्हणजे शिक्षा नसून पुढचं साहस असावं. म्हातारीच्या कोठारातल्या तीनशे दोऱ्यांपैकी एकीचा मालक सापडत नाहीये, शोधून आण.

दर तीन सेशननंतर अर्ध्या पानांचा गठ्ठा उघडा. एकदाही न आलेल्या ओळी खोडा, खेळाडूंनी सहज बोलता बोलता तयार केलेल्या गोष्टी लिहून घ्या. त्यांनी ओस्तनला "कडी-कोयंडा" म्हणायला सुरुवात केली असेल, तर आता गावही त्याला तेच म्हणतं.

## हे इतरांना द्यायचं असेल तर

आपल्या टेबलापुरतं काही विचारायला नको. पण फाइल विकायची किंवा जाहीरपणे वाटायची असेल, तर नियम आणि कादंबरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ध्यानात ठेवा. डी अँड डीचं एसआरडी ५.१ (इतरांना वापरू दिलेला मूळ नियमांचा संच) जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स अ‍ॅट्रिब्यूशन ४.० परवान्याखाली आहे. श्रेय देऊन त्यातले नियम वापरता येतात, पण त्यामुळे कादंबरीतल्या नावांवर हक्क मिळत नाही. आणि ग्रेव्ह डोमेनसारख्या पुरवणी पुस्तकातल्या गोष्टी एसआरडीत नाहीत, त्यामुळे त्यांचा मजकूर उचलता येणार नाही. खुद्द डी अँड डीच्या १९८० सालच्या देवांवरच्या पुस्तकातून साहित्यातली दोन देवमंडळं पुढच्या छपाईत काढून टाकण्यात आली होती.

बाहेर देण्याआधी देवांची आणि ठिकाणांची नावं बदला, चिन्हं बदला, पुस्तकातून शब्दशः घेतलेल्या प्रार्थना आणि वाक्यं काढून टाका, कादंबरीच्या प्रसंगांचे संदर्भ खोडा. मग उरलेलं वाचा. तिसऱ्या आणि पाचव्या टप्प्याचं काम मन लावून केलं असेल तर फाइल बऱ्यापैकी भरलेली राहील. पोकळ झाली, तर ती अजून वाटण्याजोगी झालेली नाही.